टिळेकर आणि साबडे यांच्यामधली जाड रेघ

दिनांक ४ मार्च, मंगळवार, सकाळी दहा. स्थळ : विद्यापीठाचं ग्रंथालय, दुसरा मजला, छोटी मीटिंग रूम, अल ऐन.

उपस्थित : प्राध्यापक हैथम, समितीचे अध्यक्ष, मूळचे इजिप्तचे. डॉ. लैला, इथल्याच, अमिराती. डॉ. कुरियन, कोट्टयमचे. आणि मी, वैजयंती, ग्रंथालयातर्फे, आकडे आणि नकाशा घेऊन.

अनुपस्थित : डॉ. शर्वरी साबडे, कारण विषय त्यांचाच होता. डॉ. एम. जी. टिळेकर, कारण त्यांना बोलवायचं असं याच मीटिंगमध्ये ठरलं.

रमजान असल्यामुळे चहा नव्हता.

मीटिंगचं इतिवृत्त लिहिण्याची माझी ही पद्धत आहे. कोण होतं, कोण नव्हतं, काय ठरलं, कोण करणार. त्या दिवशीचं इतिवृत्त मी इंग्रजीत लिहून पाठवलं, सगळ्यांनी ‘नोटेड’ असं उत्तर दिलं आणि फाइल बंद झाली. त्यात न बसलेलं इथे लिहिते आहे. शर्वरीची परवानगी घेतली आहे. नावं बदलली आहेत. आम्हा बायकांना त्याची सवय असते.

आधी माझं काम सांगते, कारण गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, “लायब्ररीत म्हणजे पुस्तकं देता-घेता का?” नाही. मी कोणी कोणाचं नाव घेतलं ते मोजते.

संशोधन करणारा माणूस लेख लिहितो तेव्हा शेवटी यादी देतो, की मी अमक्याच्या कामाचा आधार घेतला, तमक्याची पद्धत वापरली. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, चार दाणे तरी घालून देतात. ही यादी म्हणजे ती भरून परत केलेली वाटी. जगभरातले लाखो लेख कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्यामुळे कोणाकडे किती वाट्या परत आल्या हे मोजता येतं. मग एक आकडा काढतात. तुमचे लेख उतरत्या क्रमाने लावायचे, सगळ्यात जास्त उल्लेख झालेला वर. वरून दहाव्या लेखाचा किमान दहा जणांनी उल्लेख केला असेल, पण अकराव्याचा अकरा जणांनी केला नसेल, तर तुमचा आकडा दहा. एवढंच. एवढ्यावर माणसांच्या बढत्या होतात, करार वाढतात, आणि इथे करार वाढला तरच व्हिसा वाढतो.

त्यामुळे माझ्याकडे येणारे लोक वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखे येतात. फिजिक्सचे एक प्राध्यापक दर सोमवारी सकाळी दारातून डोकं आत घालतात. “वैजयंती, एनी गुड न्यूज?” मी मान हलवली की “इन्शाल्ला नेक्स्ट वीक” म्हणून जातात. कुणी तीन दिवसांत उपास करून वजन उतरवावं तसे काही जण आकडा चढवतात. चार तरुण केमिस्ट फक्त एकमेकांचीच नावं घेत होते, पाळीपाळीने, भिशीसारखे. नकाशावर ते लगेच दिसले. नकाशा म्हणजे असा, की प्रत्येक लेखकाचा एक ठिपका. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं की मध्ये रेघ. जास्त वेळा घेतलं की जाड रेघ, आणि जाड रेघेचे ठिपके जवळ ओढले जातात. हे चौघं गावाबाहेर गाठ मारून बसले होते. मी नकाशा छापून चौघांना दिला. पुढच्या वर्षी भिशी फुटली.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र नावांत जातो. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, फक्त नाव कळतं. इथे तर एकाच नावाचे किती मोहम्मद! आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी एकदा तक्रार आणली की त्यांच्या यादीत उंटांच्या खुरांवरचे लेख शिरलेत. बघते तर एका ठिपक्यात सहा माणसं, त्यातला एक उंटांचा डॉक्टर, अल ऐनमधलाच. मी सहाही सुटे केले. उंटवाल्या डॉक्टरांनी मला खजुराचा डबा आणून दिला, कारण हृदयाच्या आजारांचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं होतं.

सुटं करणं सोपं असतं, कारण कुणीतरी कुरकुरत येतं. जोडणं अवघड. एका माणसाचे दोन ठिपके झाले असतील, तर ते दोन्ही ठिपके गप्प बसतात.

तर ४ मार्च. शर्वरीचा करार ऑगस्टमध्ये संपत होता. ती मातीतल्या क्षारांवर काम करते. इथल्या खजुराच्या बागांना खारं पाणी द्यावं लागतं, त्यात काय रुजतं आणि काय जळतं, हे तिचं आयुष्यभराचं काम. तिच्या हुद्द्याला बारा आकडा लागतो, आणि तिचा होता अकरा. मुलगी अकरावीत. करार वाढला नाही तर बारावीच्या तोंडावर सगळं गुंडाळून परत जायचं. हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं, म्हणूनच हैथम सरांनी नुसता आकडा न बघता मला नकाशा लावायला सांगितला होता.

पडद्यावर साबडेंचा ठिपका. त्याला खेटून दुसरा, आणि मध्ये नकाशातली सगळ्यात जाड रेघ.

“हा टिळेकर कोण?” हैथम सर म्हणाले. “ही बाई जवळपास प्रत्येक लेखात त्याचं नाव घेते.”

“गुरू असणार,” कुरियन म्हणाले. “सर, आमच्याकडे गुरू म्हणजे देव.”

“पण बरीच वर्षं त्याने काही लिहिलेलं नाही,” लैला म्हणाली. “जिवंत आहे ना?”

मी टिळेकरांचे लेख उघडले. कोकणातल्या खारजमिनी. समुद्राला बांध घालून केलेली भातशेती, तिथल्या मातीत बी रुजवण्याची एक पद्धत. सगळे लेख साबडेंच्या पहिल्या लेखाच्या आधीचे. नंतर एकही नाही. जिथे टिळेकर थांबले होते, तिथून थोडं अंतर सोडून साबडे सुरू झाल्या होत्या.

“यल्ला,” हैथम सर म्हणाले, “याच माणसाचं मत मागवू या. बाहेरचा परीक्षक म्हणून. तिचं काम त्याच्याइतकं कोण ओळखणार?”

सगळ्यांना पटलं. मी लिहून घेतलं : डॉ. टिळेकर यांच्याशी संपर्क. जबाबदारी : वैजयंती. मला तोवर निम्मं कळलं होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

शर्वरीला मी गणपतीत भेटायची तेवढीच. दुपारी तिच्या शेडनेटमध्ये गेले तेव्हा ती रोपांचे ट्रे धूत होती.

“टिळेकरांचा पत्ता हवाय,” मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. “कशाला गं?”

“तुझ्या फाइलचे परीक्षक म्हणून बोलवायचंय. आज ठरलं.”

ती इतकी हसली की पालथ्या बादलीवर बसली. “बोलवा की! पण ती माझ्याबद्दल काही चांगलं लिहील असं नाही वाटत मला.”

मीरा गोविंद टिळेकर. एम.एस्सी. झाल्यावर अलिबागकडच्या खारजमिनींवर काम करणारी, चिखलात गुडघ्यापर्यंत उभी राहून फोटो काढून घेणारी. लग्न ठरलं तेव्हा साबडेंच्या घरात थोरल्या जाऊबाईंचं नाव मीराच होतं. एका घरात दोन मीरा कशा चालतील? ताटात तांदूळ पसरले, अंगठीने शर्वरी असं लिहिलं, पेढे वाटले.

“आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला,” शर्वरी म्हणाली. “मीच वाढला.”

पुढे पीएच.डी. नव्या नावाने, पासपोर्ट नव्या नावाने. इथे नोकरीला लागताना कुणीतरी सांगितलं की पासपोर्टवरच्या नावाचेच लेख भरा. तिने तेवढेच भरले. टिळेकर बाहेर राहिली.

“मग दर लेखात तिचं नाव?” मी विचारलं.

“अगं, कामाचंच आहे ते. रुजवण्याची पद्धत तीच वापरते मी अजून.” मग ट्रेच्या कडेची माती नखाने काढत म्हणाली, “आणि कुणीतरी घ्यायला नको का तिचं नाव? आई गेल्यापासून मला मीरा म्हणणारं कोणी उरलं नाही.”

मी कामाचं बोलले. मला तेच जमतं. म्हटलं, दोन ठिपके जोडू. टिळेकरचे जुने लेख तुझ्या खात्यात आले की आकडा चढेल, करार वाचेल.

“जोडल्यावर मधली रेघ जाईल ना?”

“जाईल. स्वतःचं नाव स्वतः घेतलेलं मोजत नाहीत. तुझे सगळे उल्लेख वजा होतील.”

“पण मी स्वतःचं कुठे घेतलं?” ती म्हणाली.

नियम आहे, आणि नियम योग्य आहे. तो नसता तर दर लेखात लोकांनी स्वतःचीच आरती केली असती. पण तिथे, त्या ओल्या मातीच्या वासात, मला नियमाचं स्पष्टीकरण द्यावंसं वाटलं नाही. खजुराच्या बागेच्या गावात कोकणातल्या चिखलाचा वास येतो, असं मला तोपर्यंत वाटलं नव्हतं.

खरा घोर वेगळाच होता, आणि तो मी तिला त्याच दिवशी सांगितला. टिळेकरचं नाव सगळ्यात जास्त कोण घेतं? साबडे. ते उल्लेख वजा केल्यावर टिळेकरच्या हाती किती उरतील हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. कदाचित काहीच नाही. म्हणजे नाव जायचं ते जायचं आणि आकडाही अकरावरच राहायचा.

“शनिवारी घरी ये,” ती म्हणाली. “प्रदीप असेल. तेव्हा सांगते.”

तिचा नवरा प्रदीप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मॅनेजर आहे, आठवडाभर तिकडेच राहतो, शुक्रवारी दुपारी गाडी काढून अल ऐनला येतो. माझंही घर असंच आहे, फक्त उलटं. माझे यजमान आणि मुलगा मोहम्मद बिन झायद सिटीत, आणि शुक्रवारी गाडी काढते ती मी. तो शनिवार मी शर्वरीला दिला म्हणून घरून दोन फोन आले, दोन्ही कुकरच्या शिट्ट्यांबद्दल.

साबुदाण्याची खिचडी खाता खाता शर्वरीने सगळं प्रदीपला सांगितलं. आधी मुलगीच बोलली, फोनवरून नजर न काढता. “ममा, जस्ट यूज बोथ, ना. व्हाय इज इट सच अ बिग डील?”

“बेटा, वर एकच नाव येतं,” मी म्हटलं.

“देन पुट द कूल वन.”

“कुठलं कूल?” प्रदीपने विचारलं.

“ऑब्व्हियसली मीरा.”

प्रदीप हसला. शांत, जाडसर भुवयांचा माणूस. म्हणाला, “मला विचाराल तर मी बघायला गेलो तेव्हा टिळेकर मॅडमच आवडल्या होत्या. चिखलातला फोटो दाखवला होता हिच्या वडिलांनी. शर्वरी आईने आणली.”

“मग तेव्हा का नाही बोललास?” शर्वरी म्हणाली.

त्याने खिचडीची बशी खाली ठेवली. “मला वाटलं, तुला चालतंय.”

“मला कोणी विचारलं होतं?”

“मीपण नाही विचारलं,” तो म्हणाला. “खरं आहे.”

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं. शर्वरी उठून सगळ्यांना ताक देऊन आली, आणि माझ्या हातात पेला देताना म्हणाली, “जोड. काय निघायचं ते निघू दे. हिची बारावी मला इथेच व्हायला हवी.”

सोमवारी मी मोजायला बसले. अशा वेळी यंत्राने दिलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही, एकेक उल्लेख उघडून बघते. आधी साबडेने केलेले टिळेकरचे सगळे उल्लेख बाजूला काढले. ते करताना त्रास झाला, खोटं कशाला बोलू. प्रत्येक लेखात, साधारण तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, एक वाक्य असायचं : ‘ही पद्धत प्रथम टिळेकर यांनी वापरली.’ शब्द थोडे बदललेले, पण वाक्य तेच. मुंबईहून लिहिलेल्या लेखात, इथे आल्यावरच्या पहिल्या लेखात, मुलगी झाली त्या वर्षीच्या एकुलत्या एक लेखात. मी ती एकामागून एक वजा करत गेले.

मग उरलेले बघितले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होते. व्हिएतनाममधला एक गट. बांगलादेशातली एक बाई, तीन वेगवेगळ्या लेखांत. नाईलच्या मुखाजवळच्या शेतीवर काम करणारे तिघं. या लोकांना अलिबागच्या खारजमिनींवरचा जुना लेख सापडला कसा? मी त्यांच्या याद्या वाचल्या. बहुतेक प्रत्येक यादीत टिळेकरच्या आगेमागे साबडे होती. त्यांनी साबडे वाचली होती, तिथे ते वाक्य वाचलं होतं, आणि माग काढत टिळेकरपर्यंत गेले होते. शर्वरीने घेतलेलं एकही नाव मोजायचं नव्हतं. पण तिने ते घेतलं नसतं तर मोजायलाही काही उरलं नसतं.

आकडा बारा झाला. जेमतेम. मी दुसऱ्यांदा मोजला, मग कुरियनना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतला. ते म्हणाले, “बारा. खलास. आता चहा—” आणि रमजान आठवून थांबले.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की डॉ. टिळेकर परीक्षक होऊ शकत नाहीत, कारण त्या डॉ. साबडेच आहेत. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शर्वरीचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं होतं. हैथम सर टेबलावर हात आपटून हसले. “म्हणजे आपण तिलाच तिच्याबद्दल विचारणार होतो!” नाईलवाल्यांची नावं वाचून ते आणखी खूश झाले. “हे तर माझ्या गावाजवळचे, हबीबी!”

लैला हसली नाही. “आडनाव बदलतात हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आमच्यात तेही बदलत नाही. लग्नानंतरही मी माझ्या वडिलांचीच. पण पहिलं नाव? हाक मारायचं नाव?”

“कधीकधी,” मी म्हटलं. “आता कमी झालंय.”

“तुझंही बदललं?”

“हो.”

“आधी काय होतं?”

मी सांगितलं. कुंदा. कुंदा शंकर लोणकर. या देशात हे नाव मी मोठ्याने उच्चारलं ते पहिल्यांदाच. लैलाने ते पुन्हा म्हणून बघितलं, तिच्या पद्धतीने, ‘द’वर जोर देऊन. “कुन्द्दा.” मग कुरियननीही म्हटलं. मी पुढचा विषय घ्या म्हटलं, कारण विषय बरेच राहिले होते. संध्याकाळी घरी जाण्याआधी मात्र मी आमच्या शोधपेटीत ते नाव टाकून बघितलं. काही आलं नाही. येणार नव्हतंच; त्या नावाने मी कधी काही लिहिलेलं नाही. फक्त एकदा, शाळेत, फळ्यावर सुविचार.

जूनमध्ये शर्वरीचा करार वाढला. ती पेढे घेऊन आली, मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “थँक्स, आंटी.” आकडा बारा असल्याचं माझं पत्र समितीने ग्राह्य धरलं होतं, त्यामुळे नोकरीपुरतं काम झालं. कॉम्प्युटरमधले दोन ठिपके मात्र अजून जोडायचे होते. अर्ज मी भरून ठेवला होता. सगळे रकाने भरलेले, एक सोडून : वर कुठलं नाव दिसायला हवं. विद्यापीठाच्या पानावर ओळखपत्रावरचंच नाव लागतं, पण तिथे, जगाच्या यादीत, तसं बंधन नाही. कुठलंही चालतं. दुसरं खाली बारीक अक्षरात जातं.

“तूच सांग,” मी शर्वरीला म्हटलं. “हवं तर मीरा. आता तरी तुला विचारलंय.”

ती खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसली. मी नकाशा उघडला. दोन ठिपके, मध्ये जाड रेघ. एकदा अर्ज पाठवला की ठिपका एकच होणार, आणि स्वतःपासून स्वतःपर्यंत रेघ काढायची सोय नकाशात नाही. तिने रेघेवर बोट ठेवलं.

“मीरा वर घेतली, की मग शर्वरीने केलेलं सगळं मीराचं होणार,” ती म्हणाली. “आणि उलट केलं, तर ती पुन्हा खाली. नाही का?”

“हो.”

“आणि दोन्हीत तिची-माझी भेट नाही.”

मी नकाशा बाजूला करून अर्ज उघडला.

“सेमिस्टर संपू दे,” ती म्हणाली.

सेमिस्टर संपलं. मग ती सुट्टीत भारतात गेली. मग आली, आणि नव्या रोपांची गडबड सुरू झाली. मग म्हणाली, प्रदीप निवांत आला की बोलते. मी आठवण करते, पण मागे लागत नाही. माझ्या स्वभावाच्या हे विरुद्ध आहे. काम पुढच्या आठवड्यावर ढकललं की मला झोप लागत नाही, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. या कामाच्या बाबतीत लागते. मधल्या काळात तिचा नवा लेख आला. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य आहे. रेघ थोडी आणखी जाड झाली.

दर सोमवारी सकाळी, फिजिक्सचे प्राध्यापक दारात यायच्या आधी, मी आठवड्याची यादी लिहिते. आजही लिहिली. समितीचं इतिवृत्त, झालं. उंटवाल्या डॉक्टरांचे दोन नवीन लेख, झाले. या दिवाळी अंकासाठीचा मजकूर, हा काय, होत आला. सगळ्यात वर, जून महिन्यापासून तसंच उतरवत आणलेलं : शर्वरीचा अर्ज. नाव भरणे.